जुन्या टाइपरायटरला यूएसबी कीबोर्ड करणारं किट : घ्यावं का आणि कुणी घ्यावं

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. जुना मॅन्युअल टाइपरायटर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून जोडायचं जे सेन्सर पट्टीवालं किट मिळतं ते मी एका पोर्टेबल मशीनवर स्वतः बसवलं आणि आता माझं सगळं कच्चं लिखाण त्याच्यावरच होतं. किट चांगलं आहे. ज्यांना लांब लिहायचं असतं, म्हणजे कथा, लेख, पत्रं, रोजनिशी, त्यांनी बिनधास्त घ्यावं. ज्यांचं दिवसभराचं काम म्हणजे ईमेलला उत्तरं, एक्सेलच्या शीट, कोडिंग, दर दोन मिनिटांनी कंट्रोल सी कंट्रोल व्ही, त्यांनी घेऊ नये, वैतागाल आणि मशीन पुन्हा कपाटावर जाऊन बसेल. आणि घेणाऱ्या सगळ्यांसाठी एकच गोष्ट, किटपेक्षा मशीनची तब्येत जास्त महत्त्वाची, ते पुढे सांगतेच.

बॉक्समध्ये फार काही येत नाही. एक लांब अरुंद सर्किटची पट्टी, तिच्यावर ओळीने लावलेले लवचिक धातूचे कॉन्टॅक्ट, एक छोटा कंट्रोलर बोर्ड, काही रीड स्विच, तेवढीच बारीक चुंबकं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, थोडी वायर आणि यूएसबी केबल. बघून वाटतं एवढ्याशात काय होणार. पण त्यामागची आयडिया इतकी डोकेबाज आहे की ती समजून घेतल्याशिवाय बसवायला घेऊच नका, एकदा समजली की पुढची निम्मी डोकेदुखी आपोआप जाते.

टाइपरायटर हळूच मागच्या बाजूवर उभा करा आणि खालून बघा. प्रत्येक की एका लांब लोखंडी लिव्हरच्या टोकावर बसलेली असते, हे लिव्हर पुढून मागे एकमेकांना समांतर गेलेले असतात, की दाबली की तिचा लिव्हर खाली येतो, मागचा जोड ओढला जातो आणि अक्षराचा दांडा उसळी मारून रिबनवर आपटतो. बहुतेक मशीनना ४२ ते ४४ दांडे, प्रत्येकाच्या टोकाला दोन अक्षरं, म्हणजे ८४ ते ८८ चिन्हं. सेन्सर पट्टी ह्या सगळ्या लिव्हरच्या खाली आडवी बसते. की दाबली, लिव्हर खाली आला, आपल्या खालच्या कॉन्टॅक्टला टेकला, सर्किट पूर्ण. सर्किटचं दुसरं टोक म्हणजे मशीन स्वतःच, कारण सांगाडा, लिव्हर, दांडे सगळं धातूचं आणि सगळं एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे सांगाड्यावरच्या एखाद्या स्क्रूखाली एक वायर अडकवली की सगळ्या कींचं कॉमन कनेक्शन झालं. प्रत्येक कीला वेगळी वायर नको, ड्रिल नको, सोल्डरिंग नको. मला हे इतकं आवडलंय ना, की कुणी घरी आलं की मी आधी मशीन उचलून खालची बाजूच दाखवते.

ह्यातच एक मजेशीर अडचण लपलेली आहे. साध्या कीबोर्डात कीज आडव्या-उभ्या वायरींच्या जाळीत लावलेल्या असतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात, त्यामुळे शंभरेक कीजना वीस-पंचवीस पिना पुरतात. इथे ते जमत नाही. सगळे लिव्हर एकाच सांगाड्याला जोडलेले, म्हणजे एक बाजू सगळ्यांची सारखीच, मग प्रत्येक कीला स्वतःची इनपुट लाइन लागते. म्हणून पट्टीवर शिफ्ट रजिस्टरच्या चिप एकामागे एक साखळी करून लावलेल्या असतात, त्या सगळ्या कीजची स्थिती रांगेने कंट्रोलरला कळवतात. जे लोक म्हणतात की एक साधा कीबोर्ड फोडून त्याचा बोर्ड टाइपरायटरला लावू त्यांनी हे लक्षात ठेवावं, लिव्हरनाच कॉन्टॅक्ट म्हणून वापरायचं असेल तर फोडलेल्या कीबोर्डचा मॅट्रिक्स बोर्ड कामाचा नाही. त्या बोर्डसाठी प्रत्येक लिव्हरखाली वेगळा छोटा स्विच बसवावा लागतो आणि मग वायरींचं जंगल होतं.

शिफ्ट, स्पेसबार आणि बॅकस्पेस यांचे लिव्हर मात्र वेगळ्याच जागी असतात, पट्टीवर येत नाहीत. त्यांच्यासाठी रीड स्विच. काचेची बारीक नळी, आत दोन पातळ धातूची पाती, चुंबक जवळ आलं की पाती चिकटतात आणि लांब गेलं की सुटतात. चुंबक हलणाऱ्या भागावर चिकटवायचं आणि स्विच स्थिर भागावर. कॅरेजलाही, म्हणजे कागद धरणाऱ्या वरच्या सरकत्या भागालाही, तसंच, कॅरेज रिटर्नचा दांडा ओढून कॅरेज उजवीकडे शेवटपर्यंत नेली की तिच्यावरचं चुंबक स्विचसमोर येतं आणि कॉम्प्युटरला एंटर जातो. हा एंटर एकदा मारून बघा! हात डावीकडे वर नेऊन अख्खी कॅरेज खर्रकन ढकलायची आणि समोर स्क्रीनवर कर्सर खालच्या ओळीला. ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी किट घेतलं असतं.

जाता जाता, टाइपरायटरच्या आतल्या धातूची हालचाल चुंबकाने टिपायचं तंत्र आजचं नाही. १९८४ साली अमेरिकेच्या मॉस्कोतल्या दूतावासातल्या आणि लेनिनग्राडच्या वकिलातीतल्या मिळून आयबीएम सिलेक्ट्रिक जातीच्या १६ इलेक्ट्रिक टाइपरायटरमध्ये सोव्हिएत हेरांनी बसवलेली यंत्रं सापडली होती, आतल्या दांड्यांच्या हालचालीमुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल मोजून कुठलं अक्षर टाइप झालं ते ती बाहेर रेडिओवर पाठवायची. अमेरिकेच्या एनएसए ह्या गुप्तचर संस्थेने त्या शोधमोहिमेला गनमॅन नाव दिलेलं. आपण तेच आपल्याच मशीनवर आपल्याच सोयीसाठी करतोय.

आता मशीनबद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण लोक किट ऑर्डर करतात आणि मग मशीन शोधायला लागतात, करायचं नेमकं उलट. मशीन आधी. ते कागदावर नीट टाइप करत असलं पाहिजे. कॉम्प्युटरला जोडायचंय, कागदावर नाही उमटलं तरी काय फरक पडतो, असं वाटतं, पण फरक पडतो. जुन्या मशीनमध्ये वर्षानुवर्षांचं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असतं, विशेषतः दांडे ज्या अर्धगोल फटींच्या चकतीत बसतात तिथे. तिथे चिकटा साचला की दांडा वर जातो पण परत येताना आळस करतो. कागदावर ह्याचा फक्त वैताग होतो. कॉम्प्युटरला मात्र दांडा परत येईपर्यंत की दाबून धरलेली दिसते, आणि की धरून ठेवल्यावर कॉम्प्युटर काय करतो ते माहितीच आहे, टटटटटटट करत अर्धी ओळ भरते. लोक म्हणतात किट खराब आहे. बऱ्याचदा किट बिचारं खरं तेच सांगत असतं, मशीन चिकटलेलं असतं.

त्यामुळे आधी साफसफाई. केस काढून कॉम्प्रेस्ड हवेने धूळ उडवा, मग त्या फटींच्या चकतीत मिनरल टर्पेंटाइन थोडं थोडं सोडून जुन्या टूथब्रशने घासा आणि एकेक की शंभरदा हलवा, सुकू द्या, पुन्हा करा. खिडकी उघडी ठेवा आणि आजूबाजूला काडीपेटी, गॅस काही नको. रंगावर आणि कंपनीच्या सोनेरी अक्षरांवर सॉल्व्हंट जाऊ देऊ नका. आणि कृपा करून त्या चकतीत तेल घालू नका, कुठलंच नाही, गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबात नाही. चार दिवस मशीन लोण्यासारखं चालतं आणि मग धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट होतं. चकती कोरडीच ठेवायची असते.

कुठलं मशीन निवडावं? जे धडधाकट आहे, ज्याचे भाग मिळतात आणि जे दुर्मिळ नाही ते. पोर्टेबलमध्ये ऑलिव्हेटीचं लेटेरा ३२, हर्मिसचं ३०००, ऑलिम्पियाची एसएम मालिका, स्मिथ-कोरोना आणि रॉयलची बरीच मॉडेलं, ही सगळी ठणठणीत मशीनं आहेत आणि भरपूर बनली आहेत. फक्त खालची जागा बघा. काही चपट्या पोर्टेबलमध्ये लिव्हर आणि तळाचा पत्रा यांच्यात जागाच नसते, पट्टी बसवायची कुठे? उंच ऑफिस मशीनमध्ये जागा भरपूर पण वजन एवढं की टेबलावरून हलवायचं नाव नको. शिफ्टचंही बघून घ्या. काही मशीनमध्ये शिफ्ट दाबली की अख्खी कॅरेज वर उचलली जाते, काहींमध्ये दांड्यांची टोपली खाली जाते. पहिल्या प्रकारात करंगळीवर फार जोर येतो, दिवसभर लिहायचं असेल तर दुसरा प्रकार घ्या. रीड स्विच दोन्हीकडे बसतो.

दुर्मिळ मशीनला मात्र हात लावू नका, माझं हे मत ठाम आहे. हे किट काढून टाकलं की मशीन पहिल्यासारखं होतं ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू, पण इंटरनेटवर ज्या रीतीने लोक आतले सगळे दांडे कापून, रिबनची यंत्रणा फेकून देऊन, नुसत्या गोल कीज ठेवून खाली मेकॅनिकल स्विच बसवतात ते बघवत नाही. तो टाइपरायटर राहत नाही. कीज उपटून दागिने करणारे वेगळेच. ज्या मशीनच्या आतलं सगळं आधीच गेलंय, गंजून एकजीव झालंय, त्याचं काय करायचं ते करा, पण चालत्या मशीनला कात्री लावू नये.

बसवायचं काम खरं तर एका निवांत सुट्टीचं आहे, पण त्यातला शेवटचा टप्पा घाईने उरकायचा नाही. वायर जिथे सांगाड्याला लावायची तिथला रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे, रंगावर वायर लावली तर काहीच होणार नाही. लिव्हरच्या खालच्या कडाही पुसून, हलक्या हाताने घासून घ्या, गंजाचा पातळ थर वीज अडवतो. मल्टीमीटर असेल तर बीप मोडवर एक टोक सांगाड्याला आणि दुसरं एकेका लिव्हरला लावून सगळे तपासा. ज्याचा बीप येत नाही तो पुढे तुम्हाला नक्की छळणार.

मग पट्टीची उंची. सगळा खेळ इथे आहे, आणि माहितीपत्रकात ह्यावर दोन ओळी आहेत फक्त! पट्टी लिव्हरच्या फार जवळ बसली तर बोट कीवर नुसतं टेकलं तरी स्क्रीनवर अक्षर येतं आणि कागद कोरा. फार खाली बसली तर कागदावर अक्षर खाडकन उमटतं आणि स्क्रीनवर काहीच नाही. आपल्याला हवं ते असं की दांडा कागदावर आपटायच्या अगदी किंचित आधी कॉन्टॅक्ट लागावा. हे कसं कळणार, तर कॉम्प्युटरवर रिकामी फाइल उघडून की अगदी हळू, श्वास रोखून दाबत जायची आणि दांड्याकडे बघत राहायचं. दांडा रिबनपासून बोटभर अंतरावर असताना अक्षर आलं तर पट्टी एक कागद जाडीने खाली घ्या, म्हणजे टेपखालची पॅकिंगची चकती बदला. मधल्या कीज बरोबर लागल्या की कडेच्या चुकतात, कारण सांगाडा कधीच अगदी सरळ नसतो. माझ्या मशीनवर पी आणि क्यू दोन्ही टोकांना रुसलेले होते. तिथे पट्टी हलवत बसू नका, चिमट्याने फक्त त्या कॉन्टॅक्टचं पातं किंचित वर वाकवा, केसभर. पुन्हा दाबून बघा. टक. हे जमलं की सगळं जमलं.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे बोर्डाला शिकवायचं की कुठला कॉन्टॅक्ट म्हणजे कुठलं अक्षर. बोर्ड एकेक अक्षर मागतो, आपण ती की दाबायची. सोपं आहे, पण जुन्या टाइपरायटरचा कीबोर्ड आणि कॉम्प्युटरचा कीबोर्ड वरवर सारखे दिसले तरी आत बरेच फरक आहेत आणि ते आधीच कागदावर लिहून घ्या. बऱ्याच मशीनवर १ चा आकडाच नसतो, स्मॉल एल वापरून काम भागवायचे. कागदावर दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला नाही चालत, फोन नंबर टाइप केला आणि त्यात एल आला की झालं. उद्गारचिन्हही नसतं, आधी एकेरी अवतरणचिन्ह मारायचं, बॅकस्पेस, मग त्याखाली पूर्णविराम. आता टाइपरायटरचा बॅकस्पेस कॅरेज फक्त एक घर मागे नेतो, खोडत काहीच नाही, आणि कॉम्प्युटरचा बॅकस्पेस खोडतो, त्यामुळे ही जुनी युक्ती इथे चालत नाही, कागदावर उद्गारचिन्ह दिसेल आणि स्क्रीनवर नुसता पूर्णविराम. अमेरिकन जुन्या मशीनवर शिफ्ट २ म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह, शिफ्ट ८ म्हणजे एकेरी, कॉम्प्युटरवर त्या जागी ॲट आणि स्टार. हे सगळं किटच्या सेटिंगमध्ये बदलता येतं आणि ½ किंवा ¢ सारख्या बिनकामाच्या कीला एस्केप, कंट्रोल, बाणांच्या कीज देता येतात, एक की दाबून धरून दुसरी दाबली की वेगळं काम असा दुसरा थरही करता येतो. हे सॉफ्टवेअर किटमधला सगळ्यात चांगला भाग आहे, इथे पैकीच्या पैकी मार्क.

डबल अक्षरांचा त्रास सुरुवातीला सगळ्यांना होतो. धातू धातूवर आपटला की तो क्षणभर थरथरतो आणि कॉम्प्युटरला एकाऐवजी दोन-तीनदा दाबल्यासारखं दिसतं. सगळ्याच कीबोर्डात हे असतं आणि सॉफ्टवेअर ठरावीक वेळ थांबून ते गाळतं, साध्या मेकॅनिकल कीबोर्डला ५ मिलिसेकंदांच्या आसपास पुरतं. इथे लिव्हर जड, आपटही जोरात, तेव्हा ती वेळ बरीच वाढवा, २०-३० पर्यंत नेली तरी टाइप करताना जाणवत नाही.

आता वापरायला कसं वाटतं. आजचा चांगला मेकॅनिकल स्विच एकूण ४ मिलिमीटर खाली जातो आणि २ मिलिमीटरलाच अक्षर नोंदवतो. टाइपरायटरची की सेंटीमीटरपेक्षाही जास्त खाली जाते आणि अर्धवट दाबलेलं तिला मान्यच नाही. पहिल्या आठवड्यात बोटं दुखतात, करंगळी जास्तच. वेग कमी होतो. दोन कीज एकदम दाबल्या की दांडे एकमेकांत अडकतात, थांबून हाताने सोडवावे लागतात, म्हणून हाताला आपोआप एक लय लागते, एक बोट सुटल्यावर दुसरं. आणि ही लय लागली की माझं लिखाण बदलतं, हे मी मनापासून सांगते. खोडायला जीवावर येतं म्हणून वाक्य आधी डोक्यात पूर्ण होतं. मागे जाऊन शब्द घोटत बसणं बंद होतं. लेख एका बैठकीत शेवटपर्यंत जातो, वेडावाकडा का होईना, आणि उठताना हातात कागद असतो आणि कॉम्प्युटरवर फाइल पण. पूर्वी कागदावर टाइप केलेलं पुन्हा कॉम्प्युटरवर घ्यायला दुप्पट वेळ जायचा, तो संपूर्ण वाचला. किटची खरी किंमत ही आहे.

एक मोठी गोष्ट जी कुठेच लिहिलेली नव्हती ती सांगते. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि आपण कॅरेज ढकलतो. म्हणजे कागदाच्या प्रत्येक ओळीला फाइलमध्ये एक एंटर. मग तीच फाइल वर्डमध्ये उघडली की सगळ्या ओळी मधेच तुटलेल्या, परिच्छेद म्हणून काही उरत नाही. उपाय दोन. एक, सेटिंगमध्ये कॅरेज रिटर्नला एंटरऐवजी स्पेस द्यायची आणि खरा एंटर दुसऱ्या कीवर ठेवायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, मार्कडाउनमध्ये लिहायचं, म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी सांगायची पद्धत. मार्कडाउनमध्ये एकच एंटर असेल तर ओळी एकत्र जोडल्या जातात आणि मधे एक रिकामी ओळ सोडली तरच नवा परिच्छेद होतो, म्हणजे परिच्छेद संपला की कॅरेज रिटर्नचा दांडा दोनदा ओढायचा, कागदावरही छान मोकळी ओळ दिसते. फक्त ओळीच्या शेवटी शब्द तोडून संयोगचिन्ह द्यायची सवय असेल तर ती सोडा, ती चिन्हं फाइलमध्ये राहतात.

कागद न लावता नुसता कीबोर्ड म्हणून वापरू का, असं बरेच जण विचारतात. नको. दांड्याच्या टोकाची अक्षरं थेट रोलरच्या रबरावर आपटतात, जुनं रबर आधीच कडक झालेलं असतं, त्यावर खड्डे पडतात आणि अक्षरांच्याही कडा झिजतात. नेहमी दोन कागद लावा, मागचा जाडसर. शाई वाचवायची असेल तर रिबनचा रंग निवडायच्या खटक्यावर बऱ्याच मशीनना स्टेन्सिलची जागा असते, तिथे ठेवलं की रिबन वर उचललीच जात नाही, कागदावर नुसती उमटलेली खूण राहते. तेवढं पुरतं.

मराठीचं काय, हा प्रश्न आपल्याला येणारच. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, कुठली की दाबली एवढंच कळवतो, अक्षर कुठलं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे इंग्रजी टाइपरायटर जोडून कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डाची मांडणी निवडली की स्क्रीनवर देवनागरी येतं, कागदावर मात्र इंग्रजी अक्षरांचा काला. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये ड आणि ढ चौकोनी कंसाच्या कीवर असतात, ट एकेरी अवतरणचिन्हाच्या कीवर, आणि जुन्या मशीनवर ह्या कीज त्या जागी नसतातच, म्हणून त्या दुसऱ्या कीजना नेमून द्याव्या लागतात. मी उच्चारानुसार टाइप करण्याची पद्धत वापरते, कागदावर रोमन लिपीतलं मराठी आणि स्क्रीनवर देवनागरी, दोन्ही वाचता येतात. आणि ज्यांच्याकडे देवनागरी टाइपरायटर आहे त्यांची तर चैन आहे, कॉम्प्युटरवर रेमिंग्टन पद्धतीचा, म्हणजे जुन्या देवनागरी टाइपरायटरसारख्या मांडणीचा कीबोर्ड निवडला आणि कॅलिब्रेशन जागेनुसार केलं की दोन्हीकडे मराठीच. वर-खाली लागणारी चिन्हं मारताना कॅरेज सरकत नाही, पण लिव्हर तर खाली येतोच, म्हणून पट्टीला ती बरोबर कळतात. ऱ्हस्व वेलांटी मात्र टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारतात आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाणित पद्धतीत, ती अक्षरानंतर साठवली जाते, तेव्हा ही अदलाबदल आपोआप करणारं सॉफ्टवेअर आहे ना ते आधी तपासा, नाहीतर प्रत्येक वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटेल.

तक्रारी आहेत. माहितीपत्रक अपुरं आहे, फोटो धूसर आणि एकाच मॉडेलचे. चुंबकं चिकटवायची टेप कमकुवत निघाली, कॅरेजच्या धक्क्यांनी शिफ्टचं चुंबक सुटून आत पडलं आणि दोन लिव्हरच्या मधे जाऊन बसलं, शोधताना नाकीनऊ आले. ही चुंबकं इपॉक्सीने चिकटवा, आधी जागा स्पिरिटने पुसून. विक्रेत्याला कळवलं तर जास्तीची टेप पाठवतो म्हणाले, तीच टेप, तिचं काय करू? इतक्या चांगल्या वस्तूत एवढी स्वस्तातली टेप घालायला नको होती. यूएसबी केबलही आखूड आहे आणि ती कॅरेजच्या वाटेत येणार नाही अशी मागून फिरवावी लागते. ब्लूटूथवालं मॉडेलही असतं, टॅब्लेट कागदाच्या जागी टेकवून वापरणाऱ्यांना ते बरं, मला केबलच बरी वाटते, चार्जिंगची कटकट नको.

आवाज हा दोष म्हणून लिहीत नाही, तो असणारच, पण घरात कुणी झोपलेलं असेल तर रात्री लिहिणं विसरा. मशीनखाली जाड फेल्टची चटई घातली की टेबलाचा घुमणारा आवाज निम्मा होतो, मशीन सरकतही नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा कॉन्टॅक्टवरची धूळ ब्रशने झटकायची, एखादी की अधूनमधून चुकायला लागली की आधी हेच करायचं.

आणि स्वतःच्या हाताने सर्किट करायची आवड असेल तर किट घेतलंच पाहिजे असं नाही. एटीमेगा ३२यू४ चिप असलेला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो नावाचा छोटा तयार कंट्रोलर बोर्ड कॉम्प्युटरला थेट कीबोर्ड म्हणून दिसतो, शिफ्ट रजिस्टर, पातळ स्प्रिंगची तार, रीड स्विच हे सगळं सुटं मिळतं. पैसे वाचतील, वेळ मात्र भरपूर जाईल, खास करून सगळे कॉन्टॅक्ट एका रेषेत आणायला. मला लिहायचं होतं म्हणून मी तयार किट घेतलं आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तेच घेईन.

ऑर्डर करायच्या आधी मशीन उलटं करून खालचा सरळ फोटो काढा, सगळ्यात कडेच्या दोन लिव्हरमधलं अंतर आणि लिव्हरपासून तळाच्या पत्र्यापर्यंतची उंची मोजा आणि हे तिन्ही विक्रेत्याला पाठवून पट्टी बसेल का ते लेखी विचारून घ्या. पट्ट्या दोन-तीन मापांत येतात आणि मॉडेलच्या नावावरून माप कळत नाही, एकाच नावाच्या मशीनमध्येही वेगवेगळ्या काळात आतली रचना बदललेली असते.